केंद्रकांचा गलका शमवताना

क्वांटम डॉटमध्ये कोंडलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन हा उद्याच्या संगणकाचा पाया ठरू शकतो. मात्र भोवतालच्या लाखो अणुकेंद्रकांच्या गलक्यात त्याची स्मृती काही नॅनोसेकंदांतच पुसली जाते. या केंद्रकांना आवरण्याचे, आणि जमल्यास कामाला लावण्याचे, प्रयत्न गेली दोन दशके चालू आहेत.

कराडलगतच्या मलकापुरातील कृष्णा रुग्णालय असो की मुंबई-पुण्यातील एखादे मोठे इस्पितळ, एमआरआय ही तपासणी आता कोणाला अपरिचित राहिलेली नाही. रुग्णाला बोगद्यासारख्या यंत्रात निजवले जाते, काही वेळ ठकठक आवाज चालू राहतो आणि देहाच्या अंतर्भागाची चित्रे पडद्यावर उमटतात. ही चित्रे घडतात ती शरीरातील पाण्यात आणि चरबीत असणाऱ्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांमुळे. प्रत्येक केंद्रक हे एक अतिसूक्ष्म चुंबक असते. दीड टेस्ला क्षमतेच्या यंत्रात हे चुंबक सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा घिरट्या घेतात. रेडिओलहरींनी त्यांना डिवचले की ते जो प्रतिसाद देतात, तो टिपून चित्र तयार होते. केंद्रकाला हे चुंबकत्व लाभते ते ‘स्पिन’ या त्याच्या अंगभूत गुणधर्मामुळे.

वैद्यकाला वरदान ठरलेला केंद्रकांचा हाच स्पिन भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या एका दालनात मात्र मोठी डोकेदुखी होऊन बसला आहे. ते दालन आहे क्वांटम संगणकाचे. त्यातील एका प्रमुख मार्गावर इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये माहिती साठवायची असते, आणि ती माहिती पुसून टाकण्याचे काम आसपासची केंद्रके अव्याहतपणे करीत असतात. भारत सरकारने क्वांटम तंत्रज्ञानावर हजारो कोटी रुपये खर्च करण्याचे ठरवले असताना हा झगडा नेमका काय आहे, आणि तो कोणत्या मार्गांनी जिंकता येतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

एकट्या इलेक्ट्रॉनची कोठडी

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहक पदार्थातील एक इवलीशी कोठडी. तिची लांबी-रुंदी काही नॅनोमीटरपासून शे-दीडशे नॅनोमीटरपर्यंत असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. द्रावणात तयार होणाऱ्या अशाच सूक्ष्म कणांच्या शोधाला २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे विचार करायचा आहे तो मात्र स्फटिकाच्या पोटात घडवलेल्या डॉटचा. काही डॉट धातूच्या पट्ट्यांवर विद्युतदाब देऊन आखले जातात, तर काही स्फटिकाचे थर चढवतानाच आपोआप आकाराला येतात. अशा कोठडीत नेमका एक इलेक्ट्रॉन अडकवून ठेवता येतो.

इलेक्ट्रॉनलाही स्पिन असतो. चुंबकीय क्षेत्रात त्याच्या दोन अवस्था संभवतात. सोयीसाठी त्यांना ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणता येईल. साध्या संगणकातील बिट ० किंवा १ यांपैकी एकच असतो. इलेक्ट्रॉनचा स्पिन मात्र एकाच वेळी दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो, म्हणूनच त्याला क्युबिट म्हणजे क्वांटम बिट म्हणून वापरता येते. डॅनिएल लॉस आणि डेव्हिड डीव्हिन्सेन्झो यांनी १९९८ साली ही कल्पना सविस्तर मांडली.

या मिश्रणात ‘वर’ आणि ‘खाली’ यांचा परस्परांशी एक ठरावीक मेळ असतो. भोवरा फिरता फिरता आपल्या अक्षासह डुलतो, तसा इलेक्ट्रॉनचा स्पिनही चुंबकीय क्षेत्राभोवती एका निश्चित गतीने घिरट्या घेतो. तो या घडीला घिरटीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे जोवर सांगता येते तोवर माहिती शाबूत असते. हा मेळ टिकणे म्हणजेच सुसंगती. मेळ हरवला की गणित अर्धवट राहते, आणि हाती येते ते नाणेफेकीइतकेच बेभरवशाचे उत्तर. म्हणून सुसंगती किती काळ टिकते, हा या क्षेत्रातील पहिला प्रश्न आहे.

दहा लाखांचा गलका

या प्रयोगांसाठी बरीच वर्षे सर्वांत लाडका पदार्थ होता तो गॅलियम आर्सेनाइड. त्याचे स्फटिक अतिशय शुद्ध बनवता येतात आणि प्रकाशाशी त्यांचे चांगले जमते. अडचण एकच, पण मोठी. गॅलियमच्या दोन्ही स्थिर समस्थानिकांच्या आणि आर्सेनिकच्या एकमेव स्थिर समस्थानिकाच्या केंद्रकांना स्पिन असतो. म्हणजे या स्फटिकात एकही केंद्रक चुंबकीयदृष्ट्या मुके नाही. विद्युतदाबाने आखलेल्या एका डॉटमध्ये इलेक्ट्रॉनचा पसारा सुमारे दहा लाख केंद्रकांना स्पर्श करतो.

या सर्व केंद्रकांनी एकाच दिशेला तोंड केले, तर इलेक्ट्रॉनला जाणवणारे त्यांचे एकत्रित क्षेत्र सुमारे पाच टेस्ला भरते. सर्वसाधारणपणे त्यांची तोंडे वाटेल त्या दिशांना असतात आणि बहुतेकांचा परिणाम एकमेकांत विरून जातो. तरीही पूर्ण बाकी शून्य होत नाही. यदृच्छेने उरणारा हिस्सा एकूण संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने ठरतो. दहा लाखांचे वर्गमूळ एक हजार, म्हणून उरते ते पाच टेस्लाच्या हजाराव्या भागाइतके, म्हणजे पाच मिलिटेस्लाच्या आसपासचे क्षेत्र. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या मानाने ते शंभराहून अधिक पट मोठे आहे. शिवाय त्याचे मूल्य ठाऊक नसते आणि ते हळूहळू बदलत राहते.

परिणाम उघड आहे. क्षेत्र ठाऊक नाही, म्हणून घिरट्यांची गती ठाऊक नाही, म्हणून स्पिन कोठे पोहोचला तेही ठाऊक नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात २००५ साली झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात हा मेळ अवघ्या दहा नॅनोसेकंदांत हरवत असल्याचे दिसून आले. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.

थंडी वाढवून हा गलका शमवता येईल काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. हे प्रयोग निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानाला केले जातातच. तथापि केंद्रकाचे चुंबकत्व फार दुबळे असते. हायड्रोजनच्या केंद्रकाशी तुलना केली तरी इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व साडेसहाशे पटींहून अधिक भरते. त्यामुळे ज्या थंडीत इलेक्ट्रॉनचा स्पिन मुकाट्याने रांगेत उभा राहतो, त्याच थंडीत केंद्रके आपापल्या मर्जीने तोंडे फिरवीत राहतात. एमआरआय यंत्रातही शरीराच्या तापमानाला दर दहा लाख केंद्रकांमागे जेमतेम पाचांचे अधिक्य एका दिशेला असते. तेथे केंद्रकांची संख्याच अफाट असल्याने तेवढ्यावर भागते. डॉटमधील एकट्या इलेक्ट्रॉनचे मात्र तेवढ्याने भागत नाही.

शिट्टी वाजताच माघारी

यावरचा पहिला उपाय फार जुना आहे. अर्विन हान यांनी १९५० साली ‘स्पिन एको’ म्हणजे स्पिनचा प्रतिध्वनी शोधून काढला. त्यामागील युक्ती एका साध्या कल्पनेने समजू शकते. मलकापुरातून पुणे-बंगळुरू महामार्गाने साताऱ्याच्या दिशेला काही सायकलस्वार एकाच क्षणी निघाले, असे मानू. प्रत्येकाचा वेग वेगळा, त्यामुळे तासाभरात ते रस्त्यावर पांगतात. नेमक्या त्या वेळी शिट्टी वाजते आणि सर्व जण आपापला वेग कायम ठेवून मागे फिरतात. जो फार पुढे गेला त्याला अंतर अधिक, पण त्याचा वेगही अधिक. परिणामी आणखी एका तासाने सर्व स्वार एकाच क्षणी मलकापुरात परततात. कोणाचा वेग किती होता, हे कोणालाही ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

इलेक्ट्रॉनच्या बाबतीत शिट्टीचे काम स्पिनला उलटवणारा एक नेमका झटका करतो. हार्वर्डच्या त्याच प्रयोगात या युक्तीने दहा नॅनोसेकंदांचा काळ १.२ मायक्रोसेकंदांवर, म्हणजे शंभरपटीहून अधिक वाढला.

अर्थात वाटेत एखाद्याचा दम तुटला आणि वेग बदलला, तर हा हिशेब चुकतो. केंद्रकांचे क्षेत्रही संथपणे का होईना, पण बदलत असतेच. त्यावर तोड म्हणजे वारंवार शिट्टी वाजवणे. दोन शिट्ट्यांमधील अवकाश इतका कमी करायचा की तेवढ्यात वेग बदलायला सवडच मिळू नये. या पद्धतीने हार्वर्डच्याच चमूने २०११ साली २०० मायक्रोसेकंदांचा पल्ला गाठला. पुढे झटक्यांची लय केंद्रकांच्या स्वतःच्या घिरट्यांशी जुळवून घेतल्यावर २०१७ साली कोपनहेगनमध्ये हा काळ जवळजवळ एक मिलिसेकंद झाला. ज्या पदार्थात स्मृती दहा नॅनोसेकंद टिकत होती, त्याच पदार्थात ती सुमारे लाखपटीने वाढली.

स्टॅबिलायझरची युक्ती

प्रतिध्वनीच्या उपायाने केंद्रकांचा गलका थांबत नाही. इलेक्ट्रॉनला तो ऐकू येऊ नये, एवढीच व्यवस्था होते. गलकाच कमी करायचा असेल, तर केंद्रकांना हात घालावा लागतो. त्याची गुरुकिल्ली अल्बर्ट ओव्हरहाउसर यांनी १९५३ साली दिली होती. इलेक्ट्रॉन आणि केंद्रक शेजारी असले की एकाचा स्पिन उलटताना दुसऱ्याचा स्पिन उलट दिशेने वळू शकतो. इलेक्ट्रॉनला पुन्हा पुन्हा एकाच दिशेला उभे करीत राहिले, तर ही शिस्त थोडी थोडी करून केंद्रकांमध्ये उतरते. ओव्हरहाउसर यांच्या या भाकितावर आरंभी अनेक जाणकारांनी अविश्वास दाखवला. प्रयोगाने ते लवकरच खरे ठरवले.

मग सर्वच केंद्रकांना एका दिशेला का उभे करू नये? अडचण आकड्यांची आहे. क्षेत्रातील चढउतार दहा पटींनी कमी करायचे, तर ९९ टक्क्यांहून अधिक केंद्रके रांगेत यावी लागतात. ८० किंवा ९० टक्क्यांवर फारसे पदरात पडत नाही. गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये ९५ टक्क्यांचा टप्पा ओलांडायला २०२४ साल उजाडले.

म्हणून संशोधकांनी दुसरी वाट धरली. केंद्रके रांगेत नसली तरी चालतील, त्यांचे एकत्रित क्षेत्र तेवढे स्थिर आणि माहितीचे असावे. घरातील स्टॅबिलायझर विजेचा दाब पाहून तो कमी-जास्त झाल्याबरोबर सावरतो. तसेच येथे इलेक्ट्रॉनकडूनच क्षेत्राचा अंदाज घ्यायचा आणि ते ठरवलेल्या मूल्यापासून सरकले की केंद्रकांना योग्य दिशेने किंचित ढकलायचे. केंद्रके संथ असतात, हा त्यांचा दोष येथे गुण ठरतो, कारण एकदा सावरलेली स्थिती बराच वेळ टिकते. हार्वर्डमध्ये २०१० साली याच मार्गाने, कोणत्याही प्रतिध्वनीविना, मेळ टिकण्याचा काळ ९४ नॅनोसेकंदांपर्यंत नेण्यात आला. मिशिगन विद्यापीठातील चमूने २००९ साली दाखवून दिले होते की दोन लेसर किरण नेमके जुळवले, तर केंद्रकांचे क्षेत्र आपोआपच एका मूल्यावर येऊन थांबते. २०१४ साली तर क्षेत्र ढकलण्याऐवजी ते सतत मोजून, त्याप्रमाणे क्युबिटची चालच तत्क्षणी बदलण्याची पद्धत यशस्वी झाली आणि हा काळ दोन मायक्रोसेकंदांच्या पुढे गेला.

गलकाच नसलेले घर

तिसरा उपाय सर्वांत सरळ आहे. ज्या केंद्रकांना स्पिनच नाही, त्यांचाच स्फटिक वापरायचा. सिलिकॉनमध्ये हे शक्य होते. निसर्गातील सिलिकॉनचा ९२ टक्क्यांहून अधिक भाग सिलिकॉन-२८ हा असतो आणि त्याच्या केंद्रकाला स्पिन नसतो. सिलिकॉन-३० देखील मुकाच. गलका करणारा एकटा सिलिकॉन-२९, आणि त्याचे प्रमाण केवळ ४.७ टक्के. समस्थानिक वेगळे करण्याच्या तंत्राने हे प्रमाण आणखी घटवता येते.

सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात २०१४ साली अशा शुद्ध सिलिकॉनमध्ये डॉट तयार करण्यात आला. त्यात सिलिकॉन-२९ चे प्रमाण दर दहा लाखांत ८०० एवढेच होते. तेथे प्रतिध्वनीविनाच १२० मायक्रोसेकंद आणि वारंवार झटके देऊन २८ मिलिसेकंद सुसंगती टिकली. सिलिकॉन हा तर संगणक उद्योगाचा घरचाच पदार्थ. त्यामुळे मोठ्या कंपन्याही या वाटेने निघाल्या. इंटेलने २०२३ साली १२ क्युबिटची सिलिकॉन चिप संशोधकांना उपलब्ध करून दिली.

मग गॅलियम आर्सेनाइडसारख्या पदार्थांचा नाद सोडून का देऊ नये? कारण सिलिकॉन प्रकाशाच्या बाबतीत मंद आहे. दूरवरच्या क्वांटम संगणकांना जोडायचे, तर माहिती प्रकाशकणांवर चढवावी लागते आणि ते काम गॅलियम आर्सेनाइड किंवा इंडियम आर्सेनाइडचे डॉट उत्तम करतात. तेथे स्पिन नसलेले समस्थानिक निवडण्याची सोय नाही. केंद्रकांना सोबत घेऊनच तेथे संसार करावा लागतो.

वैरी झाला भांडारी

या संसाराने अलीकडे एक अनपेक्षित वळण घेतले आहे. केंद्रके संथ आहेत, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध फारसा येत नाही. मग त्यांनाच स्मृतीचे कोठार का करू नये? इलेक्ट्रॉन चपळ आहे, त्याने हिशेब करावा आणि निकाल केंद्रकांकडे जपायला द्यावा, अशी ही वाटणी.

केंब्रिज विद्यापीठातील मेटे अतातुरे आणि डॉरियन गँगलॉफ यांच्या चमूने २०१९ साली इलेक्ट्रॉन आणि केंद्रकांचा समुदाय यांच्यात अशी नियंत्रित देवाणघेवाण साधून दाखवली. त्या प्रयोगातील इंडियमयुक्त डॉटमध्ये स्फटिकाला ताण पडलेला असतो आणि त्यामुळे केंद्रकांच्या घिरट्यांत एकवाक्यता राहत नाही. ताण जवळजवळ नसलेल्या गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटकडे वळल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली. २०२३ साली अशा डॉटमधील इलेक्ट्रॉनची सुसंगती ११३ मायक्रोसेकंदांपर्यंत पोहोचली.

याच वाटेने २०२५ साली पुढचे पाऊल पडले. सुमारे १३ हजार केंद्रकांना प्रथम एका विशिष्ट, परस्परांत गुंतलेल्या अवस्थेत आणण्यात आले. मग इलेक्ट्रॉनवरील क्वांटम माहिती त्या समुदायावर उतरवली, काही काळ तेथे राहू दिली आणि पुन्हा इलेक्ट्रॉनवर परत घेतली. साठवणुकीची विश्वासार्हता ६९ टक्के आणि टिकण्याचा काळ १३० मायक्रोसेकंदांहून अधिक होता. व्यवहारात उपयोगी पडण्यासाठी हे आकडे पुष्कळच सुधारावे लागतील. तरीही वीस वर्षांपूर्वी ज्यांना केवळ उपद्रव मानले जात होते, त्या केंद्रकांकडे ठेव सोपवता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

महाराष्ट्राचा धागा

या सर्व कथेत वापरलेली हत्यारे, म्हणजे झटके, प्रतिध्वनी आणि ध्रुवीकरण, ही मुळात केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन, अर्थात एनएमआर या शास्त्रातून आलेली आहेत. त्या शास्त्राशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९५१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नोल्ड, धर्मात्ती आणि पॅकार्ड यांनी दाखवून दिले की अल्कोहोलच्या एकाच रेणूतील हायड्रोजन केंद्रके आपापल्या शेजारानुसार तीन वेगवेगळे संदेश देतात. रेणूची रचना ओळखण्याचे आजचे तंत्र अशा निरीक्षणांवर उभे राहिले. यांतील एस. एस. धर्मात्ती यांनी पुढे भारतात परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर संशोधनाचा पाया घातला.

पुण्यातील आयसर या संस्थेत टी. एस. महेश यांचा गट एनएमआरच्याच साह्याने क्वांटम नियंत्रणाचा अभ्यास करतो. रेणूंमधील केंद्रकांच्या परस्परांत गुंतलेल्या अवस्था झटक्यांच्या विशिष्ट क्रमाने अधिक काळ कशा टिकवता येतात, हे या गटाने जी. एस. अगरवाल यांच्यासमवेत २०११ साली प्रसिद्ध केले. पदार्थ निराळा, पण प्रश्न तोच. मुंबईच्या आयआयटीत कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातील दोषस्थानांच्या इलेक्ट्रॉन स्पिनपासून संवेदनशील चुंबकमापक बनवण्यावर काम करतो. हिऱ्यातही १.१ टक्का कार्बन-१३ असतो आणि त्याच्या केंद्रकांना स्पिन असतो. तेथेही सुसंगती जितकी दीर्घ, तितका मापक अधिक तीक्ष्ण.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या योजनेसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक उभारण्याचे उद्दिष्ट असून त्यात अतिसंवाहक आणि प्रकाशाधारित मार्गांचा नामोल्लेख आहे. नव्या अर्धवाहक रचनांना क्वांटम पदार्थांच्या विभागात स्थान मिळाले आहे. चारपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आले आहे.

क्युबिटच्या संख्येकडे सर्वांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. तथापि गेल्या दोन दशकांचा अनुभव निराळा धडा देतो. ज्याची स्मृती क्षणात पुसली जाते, असे हजार क्युबिटही निरुपयोगी ठरतात. स्मृती लांबली ती तीन गोष्टींमुळे : स्फटिकातील प्रत्येक अणूची निवड करू शकणारे पदार्थशास्त्र, स्पिनची नस ओळखणारे एनएमआरचे जाणकार, आणि एकाच प्रश्नाला दहा-पंधरा वर्षे चिकटून राहण्याची मुभा असलेल्या प्रयोगशाळा. यांपैकी दुसरी शिदोरी मुंबई-पुण्यात सत्तर वर्षांपासून जमत आलेली आहे. शुद्ध समस्थानिकांचे स्फटिक आणि निर्दोष डॉट देशातच घडवण्याची क्षमता तिला जोडली गेली, तर या झगड्यात भारताला प्रेक्षक राहावे लागणार नाही. मिशनचा निधी कोठे किती वळतो, यावर ते अवलंबून आहे.